फ्रिजला ताप येतो तेव्हा

मे महिन्यातली दुपार. डोंबिवलीच्या बाजारातून भाजी, दोन पिशव्या दूध आणि एक कलिंगड घेऊन तिसरा मजला चढायचा, सगळं फ्रिजमध्ये कोंबायचं आणि दार लावून क्षणभर फ्रिजच्या कुशीला टेकायचं. हात चटकन मागे येतो. आत गारवा, आणि बाहेरचा पत्रा तव्यासारखा! शेजारच्या काकू लगेच सल्ला देतात, ‘थोडा वेळ बंद करून ठेव गं, जळेल नाहीतर.’

काकूंची काळजी खरी, पण निदान चुकलंय. तो ताप फ्रिजचा नाही. तो तुमच्या दुधाचा आहे, कलिंगडाचा आहे.

फ्रिज थंडी तयार करतो असं आपण बोलताना म्हणतो. पण थंडी नावाची वस्तू तयार करता येत नाही. उष्णता काढून घेता येते, आणि काढलेली उष्णता कुठेतरी टाकावीच लागते. ती किती असते पाहा. एक लिटर दूध ३० अंशांवरून ४ अंशांवर आणायचं तर त्यातून साधारण १०० किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. एवढ्या ऊर्जेत एक टन वजन दहा मीटर, म्हणजे जवळपास तीन मजले वर उचलता येईल. दुधाच्या एका पातेल्यातून एवढं काहीतरी गुपचूप बाहेर पडतं आणि आपल्या हाताला फक्त पत्र्याची ऊब लागते.

ते बाहेर पडतं कसं? उत्तर माठात आहे. माठातून पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ झकास गार होतो. ठाण्याच्या दमट हवेत मात्र पाणी उडायलाच कंटाळतं आणि माठ जेमतेम काम करतो. शिवाय उडालेलं पाणी परत येत नाही, माठ रोज भरावा लागतो.

फ्रिज म्हणजे हवेच्या मर्जीवर नसलेला, बंदिस्त माठ. यातलं ‘पाणी’ फारच हलक्या उकळीचं असतं. आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, नेहमीच्या हवेच्या दाबाला उणे १२ अंशांच्या आसपास उकळणारा. फ्रीझरच्या नळ्यांत तो उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या बर्फाच्या ट्रेतून, दुधातून, भाजीतून घेतो. माठाची वाफ हवेत हरवते. इथली वाफ कॉम्प्रेसर पकडतो आणि दाबतो. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप तापतो, तसाच दाबलेला गॅस तापतो.

आता खरी गंमत. उष्णता जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे जाते, उतारावरच्या पाण्यासारखी. स्वयंपाकघर ३५ अंशांवर असेल, तर उष्णता त्या हवेत सोडायला फ्रिजची भिंत ३५ च्या वर असावीच लागते. म्हणून ती ४५ अंशांच्या आसपास जाते. तिथे गॅस आपलं ओझं उतरवतो, पुन्हा द्रव होतो, केसासारख्या बारीक नळीतून आत शिरतो आणि पुन्हा उकळायला मोकळा होतो. भिंत तापली नाही, तर दूध गार होणार नाही. बाहेरचा चटका हा आतल्या गारव्याचा मोबदला आहे.

पूर्वी ही नळ्यांची जाळी फ्रिजच्या पाठीला उघडी असायची. पावसाळ्यात न वाळणारे शाळेचे मोजे तिच्यावर टाकायची सोय व्हायची. आता अनेक फ्रिजमध्ये त्या नळ्या दोन्ही कुशींच्या पत्र्याआड दडलेल्या असतात. जाळी दिसत नाही, चटका मात्र हाताला लागतो. दोन दारांमधली पट्टीही कोमट लागते. तिथून मुद्दाम एक गरम नळी फिरवलेली असते, नाहीतर आपल्या दमट हवेत दाराच्या कडांना घाम फुटून पाणी ओघळलं असतं.

आयसोब्युटेन हा स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. आपल्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन असतात. ठाण्या-डोंबिवलीच्या कित्येक घरांत पाइपचा गॅस आला, लाल सिलिंडर गेला. त्याचा भाऊ मात्र फ्रिजमध्ये मुक्कामाला आहे. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असायचा, फ्रिजमध्ये बहुधा १०० ग्रॅमसुद्धा नसतो. पण तो पेट घेतो, म्हणून साचलेला बर्फ सुरीने खरवडू नये आणि कुशीच्या पत्र्यात स्क्रू ठोकू नये.

वाफ दाबण्याची ही युक्ती तशी जुनी. १८३४ साली अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने मुंबईत उतरला आणि शहराला त्याचं कोण अप्रूप वाटलं. त्याच वर्षी लंडनमध्ये जेकब पर्किन्स यांनी वाफ दाबून गारवा करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. भारतीय कंपनीने बनवलेला पहिला फ्रिज १९५८ मध्ये गोदरेजने बाजारात आणला. डोंबिवलीहून मुंबईला जाताना रोज लागणारं विक्रोळी हेच त्या कंपनीचं गाव.

मग तापलेल्या कुशीची काळजी कधी करायची? आधी स्वयंपाकघराकडे बघा. आपल्याकडे फ्रिज भिंत आणि ओटा यांच्या बेचक्यात सरकवलेला असतो. वरून खिसेवालं कव्हर, खिशांत बिलं, कुशीला लोहचुंबकाने डकवलेलं कॅलेंडर. उष्णतेने जायचं कुठून? दोन्ही बाजूंना आणि मागे चार-चार बोटं जागा सोडा, खिसे कुशीवरून काढा, मागे जाळी असेल तर धूळ झटका. दाराचं रबर तपासायला दहाची नोट दारात धरून ओढा. सहज सुटली तर रबर सैल आहे आणि बाहेरची हवा चोरपावलांनी आत येते आहे. वाफाळती आमटी आत ठेवली असेल, नवा फ्रिज पहिल्यांदाच लावला असेल किंवा गेलेली वीज आत्ताच आली असेल, तर काही तास चटका जास्त लागणारच.

त्यानंतरही हात क्षणभरसुद्धा टेकवता येत नसेल, जळका वास येत असेल किंवा ‘टक्’ आवाज करून कॉम्प्रेसर पुन्हापुन्हा बंद पडत असेल, तर मात्र प्लग काढा आणि मेकॅनिकला बोलवा.

उकडतंय म्हणून फ्रिजचं दार उघडून समोर बसण्याचा मोहही आवरा. पुढून मिळालेला गारवा आणि कुशीतून निघालेली उष्णता यांचा हिशेब लावला तर खोली तापतेच, वापरलेल्या विजेइतकी. दार बंद असतानाही हाच हिशेब असतो, पण तो सौम्य. लेबलवर वर्षाला २२० युनिट लिहिलेला फ्रिज सरासरी २५ वॅटच्या दिव्याएवढंच घर तापवतो, कारण कुशीतून निघालेली बाकीची उष्णता भिंतींतून, उघडझाप होणाऱ्या दारातून हळूहळू परत आत शिरते. पुन्हा काढा, पुन्हा शिरू द्या, दिवसरात्र.

आणि ‘गॅस संपलाय’ असं कुणी म्हणालं तर एक प्रश्न विचारा: संपला कसा? लोकल फेऱ्या मारून संपते का? तोच गॅस बंद नळ्यांत वर्षानुवर्षं फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. आधी गळती शोधायची, मग भरायचा.

ती गळती ओळखायची साधी खूण काकूंच्या भीतीच्या बरोबर उलटी आहे. कॉम्प्रेसर तासन्तास घुमतोय, आत दूध नासतंय आणि फ्रिजची कूस मात्र गारच आहे. मेकॅनिकला फोन करायचा तो तेव्हा.