वॉटर पार्कच्या गर्दीत घरातल्या प्रत्येकाची पाळी

परीक्षा संपल्या, निकाल लागला की वऱ्हाडातल्या घराघरांत मुलांची एकच मागणी सुरू होते, "अब्बा, वॉटर पार्कला कधी जायचं?" मुलांचे काही चुकत नाही. अमरावती-अकोल्यात एप्रिल संपता संपता पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि नवतप्यात ४५ ओलांडतो. विदर्भातल्या शाळाही राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. एवढी लांब सुट्टी कूलरसमोर बसून किती काढणार?

पण अशा सहलीचे चित्र बहुतेक घरांत सारखेच असते. आठ-दहा माणसे गाडी करून जातात. पुरुष आणि मोठी मुले थेट घसरगुंड्यांकडे पळतात. अम्मी, दादी, खाला पत्र्याच्या शेडखाली बॅगा, चपला आणि मोबाईल सांभाळत संध्याकाळपर्यंत बसतात. तिकीट मात्र त्यांचेही काढलेले असते. दुसरीकडे पाच वर्षांचे मूल पाण्यात असते आणि प्रत्येकाला वाटते, त्याच्याकडे दुसरे कोणीतरी बघत असेल. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. घरून निघताना कामाची वाटणी झालेली नसते. वाटणी करून निघालात तर गर्दीच्या दिवशीही सगळ्यांच्या वाट्याला पाणी येते आणि मूलही नजरेत राहते.

दिवस आणि वेळ

रविवार, ईदनंतरचे दोन-तीन दिवस आणि सरकारी सुट्ट्या टाळाव्यात. बासी ईदला तर अर्धा मोहल्ला तिथेच भेटतो. जुमा आपल्याला सोयीचा नाही. मंगळवार ते गुरुवार हे दिवस त्यातल्या त्यात मोकळे असतात.

दरवाजे उघडण्याच्या वेळी पोहोचणे हा सगळ्यात मोठा फायदा. तिकीट, लॉकर आणि भाड्याचे कपडे या तीन रांगांत उशिरा येणाऱ्यांचा तास-दीड तास जातो. नागपूर रस्त्यावरच्या बाजारगावच्या पार्कला जायचे तर अमरावतीहून सुमारे ११५ किलोमीटर, म्हणजे दोन-अडीच तास. अकोल्याहून अंतर जवळपास दुप्पट. फज्रची नमाज पढून लगेच निघालात तर ऊन चढायच्या आत पोहोचता. आत गेल्यावर आधी उंच घसरगुंड्या घ्याव्यात, कारण तिथे एका वेळी एकच माणूस जातो आणि रांग झपाट्याने वाढते. लाटांच्या तलावात शेकडो माणसे मावतात, तो नंतरही मिळतो.

आदल्या दिवशी फोन करून या गोष्टी विचारून घ्या. अंगभर नायलॉनचा पोशाख चालतो का? महिलांसाठी वेगळा तलाव किंवा वेगळी वेळ आहे का? घरचे जेवण आत नेता येते का? नमाजसाठी सावलीची जागा आहे का? दारात उभे राहून वाद घालण्यापेक्षा हा पाच मिनिटांचा फोन बरा.

कपड्यांचा प्रश्न

सुती सलवार-कमीजला पार्कवाले नकार देतात तेव्हा अनेकांना राग येतो. पण त्यामागे कारण आहे. सुती कपड्याचे धागे सुटून पाणी गाळणाऱ्या यंत्रात अडकतात. भिजलेले सुती कापड जड होते, ते अंगावर घेऊन पाण्यात हालचाल करणे कठीण जाते. सैल अबाया किंवा लांब ओढणी घसरगुंडीच्या सांध्यात अडकली तर गळ्याला फास बसू शकतो. स्कार्फच्या पिना आणि काचेच्या बांगड्या घरीच ठेवाव्यात.

यावर उपाय आहे. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या अहेदा झानेटी या मूळच्या लेबनॉनच्या महिलेने २००४ च्या सुमारास बुर्किनी तयार केली. डोके, हात, पाय झाकणारा, पण हलका आणि पटकन वाळणारा पोहण्याचा पोशाख. आता तसे पोशाख आपल्याकडेही ऑनलाइन मिळतात. तेवढा खर्च नको असेल तर नायलॉन किंवा पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा टॉप, तशीच लेगिंग आणि डोक्याला घट्ट बसणारी टोपी शिवून घेता येते. ज्या बहिणींना पुरुषांच्या गर्दीत उतरणे पसंत नाही, त्यांनी मोहल्ल्यातल्या वीस-पंचवीस जणी मिळून आठवड्यातल्या एखाद्या सकाळी वेगळी वेळ मिळेल का, हे पार्कला विचारावे. एकटीने विचारण्यापेक्षा गटाने विचारलेले जास्त ऐकले जाते.

पाळ्या कशा लावायच्या

शाळेची सहल नेताना आम्ही शिक्षक दोन गोष्टी पाळतो. मुलांच्या जोड्या लावतो आणि ठरलेल्या वेळी डोकी मोजतो. घरच्या सहलीलाही हेच करावे.

दोन कामे ठरवा, एक बॅगांचे आणि एक मुलांवर नजर ठेवण्याचे. दोन्ही कामांची पाळी अर्ध्या तासाची ठेवा आणि त्यात अब्बा, चाचा, मामू, मोठा भाऊ सगळ्यांची नावे घाला. मौल्यवान वस्तू लॉकरमध्ये टाकल्या तर बॅगांचे काम निम्मे होते. नजर ठेवणाऱ्याने त्या अर्ध्या तासात मोबाईल हातात घ्यायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत. पाळी बदलताना तोंडाने सांगायचे, "आता मुले तुझ्याकडे." नुसते गृहीत धरायचे नाही.

एवढी कडक शिस्त कशासाठी? कारण बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे ओरडत नाही आणि हातही हलवत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीला येते, मान मागे जाते, ते उभ्या अवस्थेतच वरखाली होते आणि मिनिटभराच्या आत खाली जाते. आजूबाजूच्या गोंगाटात शेजारच्या माणसालाही कळत नाही. लहान मूल हाताच्या अंतरावर असले पाहिजे. हवा भरलेली ट्यूब किंवा दंडाचे फुगे हे खेळणे आहे, राखण नाही. जीवरक्षक असतात, पण त्यांच्यासमोर शेकडो डोकी असतात. तुमच्यासमोर चारच आहेत.

लाटांच्या तलावात लाटा सुरू होण्याआधी भोंगा वाजतो. तेव्हा लहान मुलांना काठाकडे आणावे. गर्भवती महिला, हृदयविकार, जास्त रक्तदाब किंवा मान-पाठीचे दुखणे असलेल्यांनी मोठ्या घसरगुंडीवर जाऊ नये. दादीला उथळ पाण्यात खुर्ची टाकून बसवा. तिलाही पाय भिजवायचे असतात.

दुपार सावलीत

मे महिन्यात आपल्याकडे जोहरची वेळ साधारण सव्वाबारानंतर सुरू होते आणि अस्र पावणेपाच-पाचच्या सुमारास. सरकारही बारा ते तीन उन्हात जाऊ नका असे सांगते. म्हणून बारा वाजता सगळ्यांनी बाहेर यावे, डोकी मोजावीत, कोरडे कपडे घालावेत. जेवण, नमाज आणि तासभर आडवे होणे सावलीत उरकून साडेतीननंतर पुन्हा पाण्यात. गाडी चालवणाऱ्याने ही झोप घेतलीच पाहिजे. परतीच्या रस्त्यावर सगळी गाडी पेंगते, त्याला जागे राहायचे असते.

पाण्यात अंग गार लागते, म्हणून तहान जाणवत नाही, पण घाम येतच असतो. दर अर्ध्या तासाला प्यायला द्या. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की घरचे जीवनजल तयार. चमचा चहाचा घ्यावा. बिर्याणी उन्हात खराब होते. दशम्या, सुकी चटणी, काकडी, टरबूज न्यावे. कोणी असंबद्ध बोलू लागले, उलट्या झाल्या, अंग तापले तर ऊन लागले समजा. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

पाण्याचा मान

पार्कचे पाणी गाळून, क्लोरीन टाकून पुन्हा पुन्हा वापरले जाते. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळली की डोळे चुरचुरतात. म्हणून उतरण्याआधी शॉवर घ्यावा, मुलांना तासातासाला बाथरूमला न्यावे. जुलाब लागलेले मूल त्या दिवशी पाण्यात नको. ते पाणी कोणी गिळू नये.

बाजारगावच्या पार्कबद्दल पत्रकार पी. साईनाथ यांनी २००५ मध्ये 'द हिंदू'त लिहिले होते. आत घसरगुंड्यांवरून पाणी वाहत होते आणि शेजारच्या गावाला प्यायच्या पाण्याची टंचाई होती. दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांना गोड्या पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. मुलांना मजा करू द्या, पण हे पाणी कुठून आले, हेही जाताना सांगा.

परतताना सांगायची गोष्ट

वॉटर पार्कमधून मूल धीट होऊन येते, पोहायला शिकून येत नाही. तिथे बहुतेक पाणी कमरेएवढे असते, तळ दिसतो, शिट्टी वाजवणारा माणूस असतो. गावाकडच्या शेततळ्यात, कालव्यात, खदानीत यातले काहीच नसते. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आल्यापासून शेतोशेती तळी झाली. अनेक तळ्यांत प्लास्टिक अंथरलेले असते. ते इतके निसरडे असते की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. दर उन्हाळ्यात अशा पाण्यात मुले जातात. एकाला वाचवायला दुसरा उडी मारतो आणि दोघेही जातात.

म्हणून परतीच्या गाडीत, मुले झोपण्याआधी, त्यांच्याकडून दोन वाक्ये म्हणून घ्या. मोठ्यांशिवाय शेततळ्यात, कालव्यात उतरायचे नाही. कोणी बुडत असेल तर उडी मारायची नाही, ओरडून माणसे बोलवायची आणि दोर, ओढणी किंवा लांब फांदी टाकायची. शाळा सुरू व्हायला अजून वेळ असेल तर मुलगा असो की मुलगी, दोघांनाही पोहण्याच्या वर्गात घाला.