‘कंडेम’ आणि ‘कंडम’

‘कंडेम’ ह्या इंग्रजी क्रियापदाचे मूळ लॅटिन ‘कोंदेम्नारे’ म्हणजे दोषी ठरविणे, हे होय. तीव्र निषेध करणे, शिक्षा फर्माविणे आणि वस्तू निरुपयोगी ठरविणे, हे त्याचे तीन प्रमुख अर्थ. तिन्हींत निर्णय देणारा कोणी तरी गृहीत असतो. पहिल्या दोहोंसाठी मराठीने आपले शब्द राखले. तिसरा अर्थ मात्र ‘कंडम’ ह्या विशेषणरूपाने स्वीकारला. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्र ‘कंडम झाले’ असे म्हटले, की निर्णय देणारा लोपतो. केवळ अवस्था उरते. म्हणून भाषांतरकाराने सरसकट ‘निषेध’ योजू नये. मृत्युदंड झालेला कैदी आणि पाडावयास काढलेली इमारत ह्यांचा कोणी निषेध केलेला नसतो. त्यांच्याविषयी निवाडा झालेला असतो.