मॅग्नेशियम भरपूर, तरीही वानवा

हॉलंडमध्ये वसंतात कुरणं कोवळ्या गवताने भरली की गोठ्यातल्या गायी बाहेर सोडतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत काही दुभत्या गायी हां हां म्हणता दगावतात. आधी कान थरथरतात, चाल अडखळते, साध्या आवाजानेही गाय दचकते. मग ती आडवी पडून पाय झाडू लागते आणि इंजेक्शन वेळेत मिळालं नाही तर काही तासांत खेळ संपतो. अशा गायींच्या रक्तात मॅग्नेशियम फार घटलेलं असतं, हे डच शास्त्रज्ञ स्योलेमा यांनी १९३० च्या सुमारास दाखवलं. पण गवत तर हिरवंगार होतं! उलगडा पुढे झाला तो खतात. पोटॅश भरपूर दिलेल्या कुरणाचं गवत पोटॅशियमने भरतं आणि हे पोटॅशियम गायीच्या कोठीपोटातून मॅग्नेशियम रक्तात जाऊ देत नाही. हाडांतला साठा ऐनवेळी तिच्या कामी येत नाही. दुधावाटे रोज जाणारं रोजच्या चाऱ्यातूनच भरून निघावं लागतं. आजार येतो तो नापीक माळावर नव्हे, भरघोस खत दिलेल्या कुरणात.

माझ्या मते माणसाच्या बाबतीतही पहिला प्रश्न हाच हवा: मॅग्नेशियम पोटात किती जातं एवढाच नव्हे, तर त्याला कोण अडवतं, कोण बाहेर काढतं? जुनाट जुलाब, दारू, आटोक्यात नसलेला मधुमेह, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या ही नेहमीची कारणं. ओमेप्राझोलच्या वर्गातल्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये इशारा दिला. त्यांनी तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे पाव जणांना नुसतं मॅग्नेशियम देऊन भागलं नाही; मूळ गोळी थांबवावी लागली. शिवाय मॅग्नेशियम घटलं की पोटॅशियम आणि कॅल्शियमही घसरतं, आणि मॅग्नेशियम भरून काढल्याशिवाय ती दोन्ही वर येत नाहीत. हातपाय आखडणं, झटके, हृदयाचे ठोके बिघडणं हे सगळं त्यातूनच उद्भवतं.

यावर कोणी म्हणेल, मग सरळ गोळी घेतली तर बिघडलं काय? हॉलंडच्या गायींनाही धोक्याच्या दिवसांत खुराकातून मॅग्नेशियम ऑक्साइड देतातच. खरं आहे, आणि त्याने गायी वाचतात. पण तिथे कारण ठाऊक असतं, मुदत ठरलेली असते आणि पोटॅशही आवरलं जातं. आपल्याकडे पायात गोळे आले की तपासणीविना बाटली घरी येते. वयस्कर माणसांना रात्री येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा म्हणण्यासारखा उपयोग झाल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही, आणि मूत्रपिंडं कमकुवत असतील तर तेच साचून घातक ठरतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रक्ताचा अहवाल चांगला असूनही कमतरता असू शकते. शरीरातल्या सुमारे २५ ग्रॅमपैकी एक टक्काही रक्तद्रवात नसतं, त्यामुळे हे मान्यच करावं लागतं. पण म्हणूनच एका आकड्यावर न विसंबता औषधं, आजार आणि आहार यांची चौकशी व्हायला हवी. पांढऱ्याशुभ्र भातात कोंड्याबरोबर बरंचसं मॅग्नेशियम गेलेलं असतं. बाजरी-ज्वारीची भाकरी, डाळी, शेंगदाणे आणि पालेभाज्यांत ते भरपूर आहे.

ॲसिडिटीची गोळी वर्षभराहून अधिक काळ चालू असेल, तर ती आपल्या मनाने बंद करू नका. पण पुढच्या खेपेला सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा आणि मॅग्नेशियम तपासायचं का, हे विचारा.