तो हट्ट नसेलही!

मधली सुट्टी संपल्याची घंटा घणघणते. मुले कलकलाट करीत वर्गात शिरतात. तिसरीतला एक मुलगा मात्र कानांवर हात दाबून बाकाखाली बसतो. बाई वही काढायला सांगतात, तो हलत नाही. त्यांचा आवाज चढतो, तसा तो वही भिरकावतो. ‘हट्टी आहे, ऐकत नाही,’ असा शेरा डायरीत पडतो.

असे प्रसंग अनेक शाळांत घडतात. पण दरवेळी तो हट्टच असतो असे नाही. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना आवाज, प्रकाश किंवा स्पर्श इतरांपेक्षा फार तीव्र जाणवतो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांत या लक्षणाचा समावेश केला.

धोका जाणवला की मज्जासंस्था शरीराला लढायला किंवा पळायला सज्ज करते. ॲड्रेनॅलिन स्रवते, छाती धडधडते. काही मुले जागीच थिजतात. अशा वेळी विचार करणे, स्वतःला आवरणे ही कामे पाहणाऱ्या मेंदूच्या पुढच्या भागाचा ताबा सैल होतो. सूचना कानावर पडते, पण ती पाळणे त्या क्षणी जमत नाही. ओरडल्याने धोक्याची जाणीव वाढतेच.

म्हणून आधी शांत करणे, मग शिकवणे हा क्रम महत्त्वाचा. शिक्षकांनी आवाज खाली आणावा, कमी शब्दांत बोलावे, थोडा वेळ द्यावा. श्वास सावकाश सोडल्यास हृदयाचे ठोके मंदावतात. हे मूल शांत असताना खेळासारखे शिकवून ठेवावे. दिवसाचे वेळापत्रक फळ्यावर लिहावे, तासात बदल असेल तर आधी सांगावे. आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलाला घंटा आणि दारापासून दूर बसवावे. एडीएचडी असलेल्या मुलाला फळा पुसणे, वह्या वाटणे अशी कामे दिली, तर हालचालीची गरज भागते. वर्गाच्या एका कोपऱ्यात चटई टाकून शांत जागा करता येते. ती शिक्षेची जागा मात्र होऊ नये.

स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. परीक्षेतील सवलतींसाठी प्रमाणपत्र लागते. त्रास वारंवार होत असेल, तर पालकांनी बालरोगतज्ज्ञांचा सल्लाही घ्यावा. मात्र आवाज खाली आणायला कोणत्याही प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही.