गुण औषधाचा की काळाचा?

सर्दी, खोकला, ताप असे बहुतेक विषाणूजन्य आजार आठवडाभरात आपोआप बरे होतात. तिसऱ्या दिवशी एखादी गोळी घेतली आणि पाचव्या दिवशी ताप उतरला, की श्रेय त्या गोळीला मिळते. पुढच्या वेळी रुग्ण तीच गोळी मागतो, शेजाऱ्यालाही सुचवतो. डॉक्टरांचा अनुभवही इथे पुरेसा ठरत नाही, कारण गोळी दिली नसती तर काय झाले असते, हे त्यांनाही दिसत नाही. मग औषधाचा खरोखर उपयोग होतो का, हे ठरवायचे कसे?

याचे उत्तम उदाहरण म्हणजे करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली ‘रिकव्हरी’ चाचणी. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे तिचे प्रमुख होते. पद्धत साधी होती. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांची, संमती घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी संगणकाने विभागणी करायची. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला तेच उपचार आणि शिवाय चाचणीतील औषध. औषध कोणाला मिळेल, हे डॉक्टरने ठरवायचे नाही. डॉक्टरने निवड केली, तर नकळत एका गटात जास्त आजारी किंवा वयस्कर रुग्ण जाऊ शकतात आणि तुलना बिघडते. २८ दिवसांनी दोन्ही गटांतील मृत्यूंचे प्रमाण पाहायचे.

त्या वेळी सर्वाधिक गाजावाजा हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचा होता. ते मिळालेल्या १,५६१ रुग्णांपैकी २७ टक्के दगावले. न मिळालेल्या ३,१५५ पैकी २५ टक्के. म्हणजे फायदा काहीच नाही.

याउलट डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुने स्टेरॉइड. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, असे ते २,१०४ रुग्णांना दिले. ४,३२१ रुग्णांना दिले नाही. व्हेंटिलेटरवरील रुग्णांमध्ये मृत्यूंचे प्रमाण ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले. ज्यांना फक्त ऑक्सिजन लागत होता, त्यांच्यात ते २६.२ वरून २३.३ टक्क्यांवर आले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना मात्र फायदा दिसला नाही. त्यांच्यात औषध न घेणाऱ्यांपैकी १४ टक्के, तर घेणाऱ्यांपैकी १७.८ टक्के दगावले. हा फरक निर्णायक नव्हता, पण सावध करणारा नक्कीच होता.

एकच औषध एकाला तारते आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही, असे का? आजाराच्या सुरुवातीला विषाणू वाढत असतो आणि त्याच्याशी लढायला प्रतिकारशक्ती हवी असते. पुढे काही रुग्णांत तीच प्रतिकारशक्ती बेताल होऊन फुप्फुसांना सूज आणते. स्टेरॉइड ही सूज आवरते. पण ते लवकर दिले, तर शरीराची लढाईच कमकुवत होऊ शकते. शिवाय त्याने रक्तातील साखर वाढते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे हजारो रुग्ण पाहिले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही त्यामागची मोठी कारणे होती. कित्येकांनी डोळा गमावला, काहींनी जीव.

म्हणून साध्या खोकल्या-तापासाठी घरात उरलेली किंवा दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडची गोळी घेऊ नका. डॉक्टरांनी ती दिली असेल, तर किती दिवस घ्यायची ते विचारा आणि मधुमेह असल्यास आधीच सांगा. धाप लागली, तर घरी थांबू नका.

आणि कधी रुग्णालयात औषध-चाचणीविषयी विचारणा झाली, तर ‘आपल्यावर प्रयोग करतात’ म्हणून दचकू नका. नैतिकता समितीची मंजुरी आणि तुमची लेखी संमती आवश्यक असते. संमती कधीही मागे घेता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. शंका असतील त्या सगळ्या विचारा, मग ठरवा. ‘रिकव्हरी’तील हजारो रुग्णांनी होकार दिला, म्हणूनच ऑक्सिजनवरच्या रुग्णाला कोणते औषध द्यावे आणि कोणते देऊ नये, हे साथीच्या पहिल्या काही महिन्यांतच जगभरातल्या डॉक्टरांना कळले.