मंदिरलेखांचे छायाचित्रण आणि रुंदकोनी भिंगाची निवड

परभणी जिल्ह्यात चारठाणा किंवा गोदाकाठचे धारासूर यांसारख्या ठिकाणची प्राचीन मंदिरे अभ्यासावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याकडून दोन भिन्न प्रकारच्या छायाचित्रांची अपेक्षा असते : लेख वास्तूत कोठे आहे हे दाखविणारे एक, आणि अक्षरे वाचता येतील असे दुसरे. ही दोन्ही कामे एकाच भिंगाकडून करून घेण्याचा हट्ट हे वाचनातील पुष्कळ घोटाळ्यांचे मूळ होय.

अंतराळासारख्या अरुंद जागेत दोन मीटरांपलीकडे मागे सरकता येत नाही असे समजू. ३५ मि. मी. फिल्मवरील चित्राची लांब बाजू ३६ मि. मी. असते. कॅमेरा उभा धरल्यास तेथून ५० मि. मी. भिंगात १.४४ मीटर उंचीचा भाग मावतो, ३५ मध्ये २.०६, २८ मध्ये २.५७ आणि २१ मध्ये ३.४३ मीटर. सव्वादोन मीटर उंचीची द्वारशाखा ३५ च्या भिंगात मावणार नाही. २८ च्या भिंगात मावेल. परंतु तीन सेंटिमीटर उंचीचे अक्षर फिल्मवर ५० च्या भिंगाने ०.७५ मि. मी. उमटते, २८ ने ०.४२ आणि २१ ने जेमतेम ०.३२.

अक्षराचा हा संकोच सामान्य प्रवाशास जाणवणार नाही. आपणांस तो महागात पडतो. यादवकालीन नागरीत एकाराची मात्रा पुष्कळदा व्यंजनाच्या आधी उभ्या दंडाने दाखवीत. ह्या पृष्ठमात्रेला मागील अक्षराचा काना समजले की 'रामदेव' चा 'रामादव' होतो. विशेषनाम परिचित असेल तर चूक लगेच कळते. अपरिचित ग्रामनाम असेल तर कळत नाही. तेथे दंड कोणत्या अक्षराला अधिक जवळ आहे यावरच निर्णय करावा लागतो.

रुंदकोनी भिंग आकार 'वाकडे' करते ही समजूत मात्र अर्धसत्य आहे. शिळा सपाट असेल, फिल्म तिला समांतर धरली असेल आणि भिंग चांगले असेल, तर अक्षरांमधील अंतरांचे प्रमाण कडेपर्यंत टिकते. कॅमेरा वर कलविला की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात. चारठाण्याच्या उंच शिलास्तंभापाशी हा मोह प्रत्येकास होतो. गोल स्तंभावरील लेखाची गोष्ट आणखी निराळी. रुंद भिंगासाठी जितके जवळ जावे तितका स्तंभाचा कमी परीघ दिसतो, आणि कडेची अक्षरे दाटतात. तेथे दूर उभे राहून ५० च्या भिंगाने स्तंभाभोवती फिरत चार-पाच चित्रे घ्यावीत.

अंतरमापक, म्हणजे रेंजफाइंडर, कॅमेरा ह्या कामास अनुकूल का? त्यात भिंगामागे हलणारा आरसा नसल्याने भिंगाचा मागील भाग फिल्मच्या अगदी निकट आणता येतो. लुडविग बेर्टेले यांचे बायोगॉन ह्याच सवलतीवर उभे आहे. शिवाय अंधाऱ्या मंडपात रुंद भिंगातून सारेच स्पष्ट भासते, तेव्हा दोन प्रतिमा जुळवून अंतर ठरविणे हेच अधिक खात्रीचे.

गैरसोयही आहे. १९५४ च्या लायका एम-३ च्या दृश्यदर्शकात ५० हून रुंद चौकटच नव्हती. ३५ ची पुढे एम-२ मध्ये आली, २८ ची त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. जुन्या कॅमेऱ्यावर वेगळा दर्शक बसवावा लागतो, आणि तो भिंगाच्या वर असल्याने जवळच्या वस्तूची चौकट थोडी चुकते. चष्मा लावणाऱ्यास २८ च्या चौकटीचे कोपरे एका दृष्टिक्षेपात दिसणे कठीण. कोपऱ्यांतील प्रकाशही घटतो : कोसाइनच्या चतुर्थ घाताच्या नियमाने २८ च्या भिंगात मध्याच्या सुमारे दोन पंचमांश, तर २१ मध्ये चतुर्थांशाहूनही किंचित कमी. जुनी सममित भिंगे आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावल्यास तिरप्या किरणांमुळे कडांना रंगछटाही येते. फिल्मवर हा उपद्रव नाही.

यास्तव एकच रुंद भिंग घ्यावयाचे तर आमची पसंती २८ ला. ३५ हाताळावयास सुखकर खरे, पण ५० जवळ असताना त्याचा लाभ थोडा. आणि २१ चे भिंग दुसरा उपायच नसेल तेथे. २८ वर छिद्र ८ व अंतर ३.३ मीटर ठेवल्यास सुमारे १.७ मीटरांपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. अक्षरांसाठी मात्र ५० लावावे, मापपट्टी शिळेच्या पृष्ठालगत ठेवावी आणि दिवा बाजूने, शिळेला जवळजवळ घासून धरावा. प्रथम डावीकडून, मग उजवीकडून.