माघातील छाटणी आणि कुंपणावरील बिया

स्मरणिकेसाठी काही वैद्यकीय लिहावे, अशी आपल्या संपादक मंडळाची अपेक्षा असते. प्रस्तुत लेखाचा विषय बागेतील झुडपांची व कुंपणाची छाटणी हा आहे. तो वैद्यकाबाहेरचा आहे असे वाटणाऱ्या वाचकांनी थोडा धीर धरावा. बालरोगतज्ज्ञाला या विषयाशी काय कर्तव्य, हे पुढे स्पष्ट होईल.

बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांत वसंताच्या आरंभी छाटणी करा असे सांगितलेले असते. त्यामागचे कारण हिमाचे आहे. कडक थंडी ओसरल्यावर छाटले म्हणजे कोवळे धुमारे गारठून मरत नाहीत. आपल्या पार्से-पेडणे परिसरात हिमाचा प्रश्नच नाही. तरीही माघ महिना छाटणीला योग्य ठरतो, तो निराळ्या कारणाने. येथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडतो. ओल्या हवेत उघडी जखम म्हणजे बुरशीला आमंत्रण. फेब्रुवारीत केलेल्या कापाला कोरडे होऊन कडा बांधण्यास जूनपर्यंत चार महिने मिळतात.

येथे जखम हा शब्द जपून वापरावा लागतो. आपल्या त्वचेप्रमाणे झाडाची जखम भरून येत नाही. अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी १९७०च्या दशकात हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले, की झाड दुखावलेल्या भागाभोवती भिंती उभारून तो भाग कायमचा वेगळा पाडते. मृत पेशींच्या जागी नव्या पेशी येत नाहीत. कापावर गेरू, डांबर किंवा रंग फासण्याची आपली पद्धत कुजणे थांबवीत नाही, हेही त्यांच्याच कामातून कळले. जाड फांदी खोडाशी जिथे फुगीर होते, त्या फुगीर कड्याच्या किंचित बाहेर स्वच्छ, धारदार हत्याराने कापावे. कोयत्याने ठेचलेला काप हा शल्यक्रियेच्या दृष्टीने चिरडलेली जखम होय, आणि दोहोंचा परिणाम सारखाच वाईट.

शेंडा कापल्यावर बाजूचे डोळे का फुटतात? शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरते आणि बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवते, हे थिमान आणि स्कूग यांनी १९३०च्या दशकात दाखविले. २०१४ साली वाटाण्याच्या रोपांवर झालेल्या संशोधनाने त्यात भर घातली. शेंडा नाहीसा होताच तिकडे जाणारी साखर बाजूच्या डोळ्यांना मिळू लागते, आणि पहिली चालना या साखरेची असते. साखर अगोदर, संप्रेरक मागाहून! आपल्या शाखेच्या मंडळींना हे वाचून गंमत वाटावी.

मात्र कोणते झाड कोणत्या लाकडावर फुलते, हे न पाहता सरसकट कात्री चालवू नये. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. त्याला जानेवारीत पाणी तोडून मग छाटले की चैत्रात बहर येतो. जास्वंदही नव्या फुटीवरच फुलते, पण तिला हलका हात पुरे. बोगनवेल या दिवसांत ऐन भरात असते. तिला मे अखेरपर्यंत हात लावू नये. आणि छाटल्यावर पाणी हवे. वैशाखात विहीर तळ गाठत असेल, तर कमी छाटावे हेच शहाणपणाचे. कुंपणात बुलबुलाचे घरटे आढळले, तर तो भाग महिनाभर तसाच सोडावा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या गावांतील जुनी कुंपणे पुष्कळदा मोगली एरंडाची असतात. काठी रोवली की जगते, गुरे तोंड लावत नाहीत, शेतकऱ्याला आणखी काय हवे? मूळचे हे झाड अमेरिका खंडातील. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने जैवइंधनासाठी त्याची शिफारस केल्यावर देशात त्याची लागवड आणखी पसरली. त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, आणि घात तेथेच होतो. हे विष मुले एकेकटी खात नाहीत, वाटून खातात. त्यामुळे दवाखान्यात एकाच वाडीतील तीन-चार मुले एकाच सायंकाळी उलट्या, पोटदुखी आणि जुलाब घेऊन येतात. अन्नविषबाधा म्हणून जेवणाची चौकशी सुरू होते आणि कुंपणाची कोणी करीत नाही. माझा परिपाठ असा, की अशा वेळी पालकांना बाजूला ठेवून मुलांनाच विचारावे, तेही न रागावता. बहुतेक मुले शिरेतून द्रव दिल्यावर एक-दोन दिवसांत बरी होतात. परंतु लहान बालकात शुष्कता झपाट्याने येते.

या झाडाला फुलोरा फांदीच्या टोकाला येतो. माघात पाने गळलेली असताना ते छाटले, की फांद्या वाढतात. म्हणजे टोके वाढतात, आणि टोके वाढली की फळेही वाढतात. लागवड करणारे नेमके याचसाठी छाटतात. अर्थात घराच्या कुंपणावर केवळ वसंतात छाटणी करणे म्हणजे मुलांच्या हाताच्या उंचीवर अधिक बिया पिकविणे होय. यास्तव श्रावणात दुसरी, हलकी छाटणी करून फुलोरे व हिरवी फळे काढून टाकावीत. चवथीला घरोघरी मुंबई-पुण्याची नातवंडे येतात. त्यांना हे झाड ठाऊक नसते.

पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हा याहून गंभीर प्रकार. बिट्ट्यांनी मुले खेळतात. आतील गरात डिजिटॅलिससारखी हृदयावर काम करणारी द्रव्ये असतात. नाडी मंदावते, हृदयातील वहन अडते, रक्तातील पोटॅशियम चढते. श्रीलंकेत या विषबाधेचे प्रमाण मोठे असून, डिजॉक्सिनविरोधी प्रतिपिंडे तिच्यावर उपयुक्त ठरतात हे तेथील अभ्यासाने २००० साली सिद्ध केले. ती महाग आहेत आणि आपल्याकडे दुर्मीळ. म्हणून मूल हसतखेळत असले तरी घरी थांबू नये, उलटी करविण्याच्या खटपटीत पडू नये. १०८ ला बोलावून, हृदयाचा आलेख सतत पाहता येईल अशा रुग्णालयात न्यावे आणि खाल्लेली बी किंवा डहाळी पिशवीत घालून सोबत आणावी. लाल-पांढऱ्या कण्हेरीलाही हेच लागू. तिच्या छाटलेल्या फांद्या पातेऱ्याबरोबर जाळू नयेत, धूरही बाधतो.

शेर आणि निवडुंग छाटताना चीक डोळ्यात उडतो. आग प्रथम थोडी असते, रात्रीतून वाढते. वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. छाटणाऱ्याने चष्मा घालावा आणि मुलांना दूर ठेवावे.

शाळा व अंगणवाडीच्या आवारातील बिट्टी मात्र छाटत बसू नये, मुळासकट काढावी. तिच्या जागी अडुळसा लावता येतो. गुरे तोही खात नाहीत आणि मुलांना मोह पडेल असे त्यावर काही पिकत नाही. पिटकुळी, जास्वंद आहेतच. काड्या जूनच्या पहिल्या पावसात लावाव्यात. जास्वंदीच्या काड्या माघातल्या छाटणीतून जपून ठेवता येत नाहीत, त्या त्याच वेळी ताज्या कापाव्या लागतात.